सोमवारच्या इंटरव्ह्यूची तयारी, गावातून निघायच्या आधी

सोमवारी नागपूरले इंटरव्ह्यू आहे, परसोडीच्या आयटी पार्कात, ज्युनिअर वेब डेव्हलपरचा. मागच्या खेपी अर्ध्या गोष्टी एसटीत बसल्यावर आठवल्या होत्या म्हणून यावेळी आधीच लिहून काढून रायलो, कोणाच्या कामी आलं तर घ्या.

पहिलं काम रेझ्युमे. जुन्या रेझ्युमेत एचटीएमएलले पाच चांदण्या, जावास्क्रिप्टले चार, असं नेटवरून उचललेलं टेम्प्लेट होतं, आणि मागच्या वेळी तिथल्या सरांनी विचारलं की पाचवी चांदणी कुठं अडकली, तर मले काही सांगताच आलं नाही. त्या चांदण्या काढणं. अमरावती विद्यापीठाची बीसीए, वर्ष, टक्के, एवढं बस. मधातलं एक वर्ष रिकामं दिसते, त्या साली बाबाचं ऑपरेशन झालं आणि सोयाबीन-तूर मीच पाहिली, तर ते तसंच लिहिणार आहो, तिथं फ्रीलान्सिंग लिहिलं की पुढचा प्रश्न क्लायंट कोण हाच येते आणि मंग आपलं त-त-प-प.

अनुभव आठ महिने, नागपुरातल्याच एका छोट्या ऑफिसात. आठच लिहायचे, वर्षभर नाही. त्यांनी एक्स्पिरिअन्स लेटर देतो देतो म्हणत दिलंच नाही, म्हणून जॉइनिंगचा मेल आणि पगार जमा झाल्याच्या बँकेच्या नोंदी प्रिंट काढून फाइलीत ठेवणं (तुम्ही नोकरी सोडाल तेव्हा शेवटच्या दिवसाच्या आधीच मागा भाऊ, नंतर कोणी फोन उचलत नाही). काम काय केलं त्यात वर्डप्रेसच्या साइटी, पण नुसतं तेवढं लिहून भागत नाही, एक गोष्ट नीट सांगता आली पाहिजे. माझी गोष्ट मंगल कार्यालयाच्या साइटची, त्यांनी मोबाइलमधले पाच-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले होते, आमच्या गावातून उघडाले चहा होऊन जायचा. मी साइज कमी करून वेबपी (फोटोचा हलका फॉरमॅट) केले, खालचे फोटो लेझी लोडिंगवर टाकले, म्हणजे खाली सरकल्यावरच ते उघडते. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट शोधून ठेवणं.

आता प्रोजेक्ट. टू-डू लिस्ट आणि कॅल्क्युलेटर गिटहबवरून (आपला कोड ठेवाची साइट) लपवून टाकणं, ते सगळ्यांचेच सारखे असतात. दाखवायचं ते काकाच्या खेडा खरेदीचं. काका गावात कापूस घेते आणि जिनिंगले नेते, हिशोब सारा वहीत, तर मी रिअ‍ॅक्ट आणि नोडमध्ये (दोन्ही जावास्क्रिप्टचीच साधनं) पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाची चिठ्ठी, बनवायचं ॲप केलं. शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, हमाली, उचल कापून हाती किती. यातल्या दोन चुका मले तोंडपाठ पाहिजे कारण विचारणारा तिथंच खोदते. एक, पैशाचा हिशोब. जावास्क्रिप्टमध्ये 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004 येते, काकाच्या वहीत आणि माझ्या पट्टीत कधी कधी पैशा-दोन पैशाचा फरक पडे आणि काका म्हणे तुझं कॉम्प्युटर कडता (मापातली कपात) मारते का बे. मंग सगळं पैशात आणि ग्रॅममध्ये पूर्ण आकड्यात ठेवलं, रुपये फक्त दाखवताना केले. दुसरी चूक भारी होती. काही पट्ट्यांवर आदल्या दिवसाची तारीख यायची, रोज नाही, कधी कधीच. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी वही समोर घेऊन पाहिलं तर त्या साऱ्या पट्ट्या पहाटे काट्यावर गाडी लावली तेव्हाच्या, चार-साडेचारच्या. मी तारीख टूआयएसओस्ट्रिंग या जावास्क्रिप्टच्या फंक्शनमधून कापून घेत होतो, ते वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देते, आपली घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत जे काही केलं ते सारं कालच्या खात्यात. हे कागदावर घड्याळ काढून समजावून सांगाची प्रॅक्टिस करणं, शक्य तर आईसमोर, तिले कळलं तर कोणालेही कळते.

डेमोत खरे शेतकरी, खरी उचल दिसू द्यायची नाही. गावातली उधारी नागपूरच्या स्क्रीनवर कशाले? खोटी नावं टाकून वीसेक पट्ट्या बनवणं.

गिटहबवर एकदा नजर मारणं. माझा डेटाबेसचा पासवर्ड पहिल्याच कमिटमध्ये (कोड जतन केल्याची नोंद) गेला होता, फाइल डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये तो दिसतच रायते, म्हणून पासवर्डच बदलला आणि पासवर्डची डॉट-ईएनव्ही फाइल गिटइग्नोरमध्ये टाकली, म्हणजे ती आता वर चढत नाही. रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) दोन फोटो आणि चालवाची रीत लिहिणं. 'फायनल', 'फायनल 2', 'आता नक्की फायनल' असे कमिट मेसेज आहेत, ते राहू द्या, आता काय करता.

थिअरीत लेट-कॉन्स्ट-व्हार, क्लोजर, प्रॉमिस, सर्व्हरच्या 401 आणि 403 या एरर कोडमधला फरक. यूझइफेक्ट अजून पक्का नाही, रविवारी तेच.

फुकटच्या होस्टिंगवर सर्व्हर झोपून जाते आणि पहिल्या क्लिकले मिनिटभर गोल फिरत रायते, तर आत बोलावाच्या दहा मिनिटं आधी मोबाइलवरून लिंक उघडून त्याले जागं करणं. तरी भरवसा नाही म्हणून लॅपटॉपवर नेटशिवाय चालणारी कॉपी आणि दोन मिनिटाची स्क्रीन रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग आजच, संध्याकाळी लाइनचा नेम नाही.

बाकी मार्कशीटच्या झेरॉक्स, आधार, फोटो, चार्जर. दारव्ह्यावरून यवतमाळ, तिथून नागपूर, सारे मिळून पाच-सहा तास धरले आहेत. शकुंतला (आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे) चालू असती तरी काही फायदा नव्हता, ती यवतमाळ-मूर्तिजापूर चालायची, नागपूरले जायची नाही. म्हणून रविवारी रात्रीच आत्याकडे मुक्काम. आत्याले फोन करणं राहिलं आहे.