स्पीच थेरपी (बोलायला शिकवणारी) आठवड्यातून 2 दिवस, बाकीचे 5 दिवस घरी काय करायचं

पोरगं 2 वर्षांचं झालं तरी "आई पाणी" असे दोन शब्द जोडत नसेल तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका, आधी कानाची टेस्ट करा, मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग ही कान आणि बोलण्याच्या अडचणींसाठीची सरकारी इन्स्टिट्यूट आहे, बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं सेंटर पण असतं.

थेरपी सुरू झाली की खरं काम घरी. बिस्किटाचा डबा दिसेल पण हात पोचणार नाही असा ठेवायचा. आमचा बोट दाखवायचा, मी डबा धरून "दे" म्हणायचे आणि मनात 10 पर्यंत मोजायचे, लगेच द्यायचं नाही पण रडवायचं पण नाही. 3 आठवडे नुसतं बोट, मग ओठ हलले, मग एक दिवस "ए" आला, "दे" नाही तरी मी तिथल्या तिथे बिस्किट दिलं. "नीट बोल" अजिबात म्हणू नका हो, पोरं गप्प होतात. तो "दे" म्हणाला की आपण "बिस्किट दे", एकच शब्द वाढवून.

जेवताना मोबाईल बंद. आणि नवीन शब्द, खुणासुद्धा, तारीख टाकून वहीत लिहा आणि थेरपिस्टला दाखवा.