जुन्या बीटलचा धूर: इंजिन उतरवण्याआधी काय तपासायचं

जुनी फोक्सवॅगन बीटल धूर सोडायला लागली की सल्ले देणारे आपोआप जमतात. त्यातले बहुतेक सल्ले पाण्यावर थंड होणाऱ्या, उभ्या सिलिंडरच्या इंजिनाचे असतात. 'पांढरा धूर? हेड गॅस्केट गेलं, पाणी आत येतंय.' अहो, कुठलं पाणी? या इंजिनात रेडिएटरच नाही. हवेवर थंड होणारे चार आडवे सिलिंडर, दोन उजवीकडे, दोन डावीकडे, बस्स. हिवाळ्यात सकाळी निघणारा पांढरा धूर ही सायलेन्सरमधली वाफ असते, गाडी थोडी चालली की जाते. इंजिन गरम झाल्यावरही राहिला, तर तो निळाच आहे, म्हणजे ऑइल जळतंय; उजेडात पांढरा दिसतोय एवढंच. सायलेन्सरच्या नळीपुढे हातभर अंतरावर पांढरं फडकं धरा. तेलकट ठिपके पडले की शंका मिटली.

धूर नळीतूनच येतोय ना, हे वाकून पाहा. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे पुशरॉडच्या, नळ्यांची सीलं कडक झाली की ऑइल खालच्या तापलेल्या हीट एक्स्चेंजरवर (हीटरसाठी हवा तापवणाऱ्या डब्यावर) ठिबकतं आणि गाडीखालून धूर निघतो. हीटर उघडा असेल तर आत बसणाऱ्यालाही जळक्या ऑइलचा वास येतो. ही गळती आहे, इंजिनाचा आजार नाही.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. ऑटोमॅटिक चोक अडकलाय का, त्याला करंट पोचतोय का, कार्बोरेटरची फ्लोट नीडल पेट्रोल अडवतेय का आणि एअर फिल्टर तुंबलाय का, एवढं बघा. काळ्या धुरासाठी इंजिन उघडायला निघालेल्या मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा.

आता निळा. आधी फुकटातल्या गोष्टी. डिपस्टिक काढा आणि नाकाला लावा. पातळी वरच्या खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातात. पंप आणि ऑइल दोन्ही बदला. जुना ऑइलबाथ, म्हणजे तळाशी ऑइल असलेला एअर फिल्टर असेल तर तोही पाहा. कुणीतरी हौसेने त्यात खुणेच्या वर ऑइल भरलेलं असतं, ते सरळ कार्बोरेटरमध्ये ओढलं जातं. आणि तिरक्या जागी उभी केलेली गाडी सकाळी सुरू करताना निळा भपका सोडून लगेच थांबत असेल, तर सोडून द्या. आडव्या सिलिंडरमध्ये उताराच्या बाजूला ऑइल झिरपतं, तेवढंच जळतं.

यातलं काहीच नसेल तर गाडी घाटात न्या. पुणेकरांना दिवे घाट सोयीचा, पालखीचे दिवस टाळून. मागे दुसऱ्या गाडीत शहाणा माणूस बसवा. हडपसरकडून चढताना, इंजिनावर जोर असताना धूर वाढला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. सासवडकडून उतरताना गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि सपाटीला आल्यावर दाबा. त्या क्षणी निळा लोट आला तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी), कारण पाय सोडला की सिलिंडरमध्ये ओढ वाढते आणि झिजलेल्या गाइडमधून ऑइल आत खेचलं जातं. दोन नळ्यांपैकी कुठल्या नळीतून धूर येतोय यावरून बाजू ठरवू नका. मूळ सायलेन्सरमध्ये चारही सिलिंडरचा धूर एकत्र होतो. बाजू सांगतात प्लग. काढून क्रमाने मांडून ठेवा, ज्याच्या टोकावर ओलं काळं ऑइल तो सिलिंडर.

खरी अडचण इथे आहे

यानंतर सगळे सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज आणतात. आणा, पण आधी थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ०.१५ मिलिमीटरला लावा, नाहीतर घट्ट राहिलेला व्हॉल्व्ह खोटा आकडा देईल. मग इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. १६०० सीसीच्या निरोगी इंजिनात साधारण ११० ते १३० पीएसआय मिळतो. त्याहून महत्त्वाचं, चारही आकडे जवळजवळ हवेत.

एखादा आकडा पडलेला निघाला की पुढचा सल्ला ठरलेला: 'चमचाभर ऑइल टाकून परत बघा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.' ही गोष्ट मला सुरुवातीला फार छळायची, कारण पुस्तकात बरोबर असलेली ही चाचणी या इंजिनात भलतंच उत्तर देते. उभ्या सिलिंडरमध्ये ऑइल पिस्टनच्या डोक्यावर पसरून रिंगेभोवती सगळीकडे पोचतं. आडव्या सिलिंडरमध्ये ते खालच्या बाजूला डबकं करून बसतं आणि रिंगेचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. आकडा हलत नाही, दोष व्हॉल्व्हवर जातो. मग हेड काढायचं, म्हणजे इंजिन उतरवणं आलंच. हेड लेथवाल्याकडे जाऊन येतात, इंजिन परत चढतं आणि धूर तसाच, कारण रिंगा जागच्या जागी. आणि आकडा वाढावा म्हणून जास्त ऑइल ओतलंत तर आतली जागाच कमी होऊन आकडा उगाच फुगतो. या इंजिनावर ओली चाचणी करूच नका.

त्याऐवजी सिलिंडरमध्ये हवा भरा आणि ती कुठून निसटते ते ऐका. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून काढा आणि उरलेल्या कवचात हवेची नळी बसवून घ्या, लेथवाला करून देतो. हवा पंक्चरवाल्याच्या टाकीच्या कॉम्प्रेसरची, टायरच्या छोट्या पंपाने भागत नाही. क्रँक पुलीची खूण क्रँककेसच्या सांध्यावर आणा. रोटर डिस्ट्रिब्युटरच्या कडेच्या खुणेकडे असेल तर १ नंबरचा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना टोकाला आलाय. पुढे पुली अर्धा फेरा फिरवत ४, ३, २. १ आणि २ उजव्या बाजूला, ३ आणि ४ डाव्या, आणि १ व ३ हे गाडीच्या पुढच्या बाजूचे.

हवा सोडायच्या आधी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, आणि पुलीवरचा पाना काढलाय याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करा. पिस्टन केसभर पुढेमागे असला तरी हवेच्या दाबाने इंजिन गर्रकन फिरतं आणि विसरलेला पाना मनगट मोडतो.

मग ऐका. कानाला रबरी नळीचा तुकडा लावला तर जागा अचूक कळते. कार्बोरेटरच्या तोंडाशी फुस्कारा म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह. धुराच्या नळीत म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि तो ३ नंबरचा असला तर नवल नाही: १९७१ आधीच्या इंजिनांत ऑइल कूलर त्याच्या हवेच्या वाटेत उभा असतो, तो सगळ्यांत जास्त तापतो. ऑइल भरायच्या तोंडातून म्हणजे रिंगा किंवा बॅरल (पिस्टन ज्यात फिरतो तो सुटा सिलिंडर). थोडा आवाज तिथे नेहमीच असतो, म्हणून चारही सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहा.

चारही चांगले निघाले आणि तरी निळा धूर? तो येऊ शकतो. ही चाचणी व्हॉल्व्हचं बसणं आणि कॉम्प्रेशन रिंगा तपासते, गाइड नाही आणि ऑइल रिंगही नाही. अशा वेळी घाटातली उतरण काय म्हणाली ते आठवा. उतारानंतरचा लोट आणि एकच तेलकट प्लग असेल तर मी गाइडच धरतो. 'व्हॉल्व्ह सील बदला' म्हणणाऱ्याला सांगा की मूळ हेडमध्ये आजच्या गाड्यांसारखे रबरी सील नसतात.

रिंगा निघाल्या तर बॅरल-पिस्टनचा नवा संच घ्या. पातळ पंखांच्या बॅरलला बोअर मारून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आणि धूर दाबण्यासाठी जाड ऑइल मुळीच नको. दाब वाढला की या इंजिनातला रिलीफ व्हॉल्व्ह ऑइलला कूलर टाळून जाऊ देतो, म्हणजे इंजिन थंड ठेवण्याची बरीच भिस्त ज्यावर आहे तेच ऑइल तापतं. काम होईपर्यंत २०डब्ल्यू-५० चालू ठेवा आणि डिक्कीत अर्ध्या लिटरची बाटली. एकूण ऑइलच अडीच लिटर आहे, अर्धा लिटर जळालं तर पाचवा हिस्सा गेला.