चेनसॉ सुरू होत नसेल, तर आधी प्लग पाहावा

पावसाळाभर पडून राहिलेली चेनसॉ दोरी ओढून हात भरून आले तरी सुरू होत नाही, तेव्हा कार्ब्युरेटर उघडण्याची घाई न करता आधी स्पार्क प्लग काढून त्याचे टोक उजेडात निरखून पाहावे. टोक पेट्रोलने ओले असेल, तर इंजिनात इंधन जास्त झाले आहे. अशा वेळी स्विच बंद ठेवून, चोक (हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडा ठेवून, प्लगच्या भोकापासून तोंड दूर ठेवून दोरी आठ-दहा वेळा ओढावी, म्हणजे साठलेले पेट्रोल बाहेर फेकले जाते. टोक अगदी कोरडे असेल, तर इंधन वरपर्यंत पोहोचतच नाही, आणि त्याचे कारण बहुधा टाकीतला तुंबलेला फिल्टर किंवा जुन्या पेट्रोलचा चिकट थर हेच असते. काळी काजळी दिसल्यास एअर फिल्टर धुवावा आणि ऑइलचे प्रमाण तपासावे: ५०:१ मिश्रणाच्या यंत्राला १ लिटर पेट्रोलमागे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल पुरते. ऑइल न घालता नुसत्या पेट्रोलवर यंत्र कधीही चालवू नये, कारण त्याने पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही ओरखडून निकामी होतात. महिन्याहून जुने मिश्रण मात्र वापरू नये.