पिकअपचं अ‍ॅव्हरेज आणि डीपीएफ: या चुका टाळा

पिकअपचं अ‍ॅव्हरेज पडलं की मालक आधी पंपावर संशय घेतो, मग इंजेक्टरवर. डीपीएफ त्याला शेवटी आठवतो. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला आणि डिझेल पिकअपच्या एक्झॉस्टमध्ये हा काजळीचा फिल्टर आला. तो भरत आला की इंजिन जास्तीचं डिझेल वापरून त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि साठलेली काजळी जाळतं. हेच रिजनरेशन, आमच्या भाषेत रिजन. त्याला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाडी सलग पळावी लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिजन अर्ध्यात तोडणं. नाशिकच्या मखमलाबादचा एक पोरगा पहाटे दुधाचे क्रेट घेऊन गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर फिरायचा. दर दुकानापुढे इंजिन बंद, दोन मिनिटांत परत चालू. डिझेल वाचतं, असा त्याचा हिशोब. फिल्टरचा दिवा लागला तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं, ‘सेन्सर आहे, चालव बिनधास्त.’ पुढे द्वारका चौकात गाडीची ताकदच गेली, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही उचलेना. माझ्याकडे दुरुस्तीला आली तेव्हा डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. रिजनसाठी सोडलेलं डिझेल न जळता पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. असंच चालवलं असतं तर बेअरिंगं गेली असती. स्कॅनर लावून रिजन करवलं, ऑइल आणि ऑइलचा फिल्टर बदलले. आता तो आठवड्यातून एकदा लाइन संपल्यावर आडगावहून ओझरपर्यंत गाडी एका दमात पळवून आणतो. दिवा परत लागलेला नाही.

रिजन चालू आहे हे ओळखायला शिका. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा वर असतात, फॅन जोरात फिरतो, गरम वास येतो, मीटरवरचं अ‍ॅव्हरेज अचानक घसरतं. अशा वेळी माझी सवय एकच: घर आलं तरी चावी फिरवायची नाही, एक चक्कर आणखी मारायची. चौथ्या-पाचव्या गिअरात, दोन हजार आरपीएमच्या आसपास.

दुसरी चूक कसारा घाटात न्यूट्रल. पिंपळगावहून टोमॅटो भरून वाशीला निघालेले नवे ड्रायव्हर हे हमखास करतात आणि कुणी सांगायला गेलं तर ऐकत नाहीत. कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की डिझेल पूर्ण तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे बचत शून्य, आणि भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर. लायनर तापले की पॅडल दाबून काही उपयोग होत नाही. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरात उतरा.

बाजार समितीत नंबर येईपर्यंत इंजिन चालू ठेवू नका. एक्झॉस्ट थंड राहतो, काजळी वाढते.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, लो-अ‍ॅश म्हणजे कमी राखेचं घ्या. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठतच जाते.

बऱ्याच गाड्यांत टाकी रिझर्व्हला आली की रिजन सुरूच होत नाही. रोज शंभर-दोनशेचं डिझेल टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

अ‍ॅव्हरेज मीटरवर बघू नका. टाकी फुल करा, चालवा, परत फुल करा आणि चाललेल्या किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. आणि त्याआधी टायरची हवा बघा.

‘फिल्टर पोकळ करून देतो, कटकटच मिटेल’ म्हणणाऱ्याकडे पाऊल टाकू नका. ते बेकायदा आहे, तो काळा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. शिवाय फिल्टर भरण्याचं मूळ कारण, मग ते गळका इंजेक्टर असो, फाटलेला टर्बोचा होज असो की उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, तसंच राहतं. आधी ते शोधा.

आणि रिजन चालू असताना शेताच्या बांधावर वाळलेल्या गवतात गाडी उभी करू नका. आग लागते.