लॅब्रॅडॉरचं लिटर (एका वेतातली पिल्लं) घ्यायचंय? मेटिंगआधीपासूनची तयारी

पहिला खर्च मेटिंगचा नाही, एक्स-रेचा. लॅब्रॅडॉरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये, खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचा दोष आईबापांकडून पिल्लांत उतरतो, आणि दोन वर्षांच्या आत काढलेल्या एक्स-रेवर पक्का भरवसा ठेवता येत नाही. केंद्राच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार मादी 18 महिन्यांची झाली की मेटिंग करता येतं, पण लॅबसाठी ते वय घाईचंच. दोन वर्षं पुरी होऊ द्या, मग भूल देऊन नीट एक्स-रे काढून घ्या. सोबत दोन डीएनए चाचण्या: डोळ्यांच्या पीआरएची, ज्यात हळूहळू आंधळेपण येतं, आणि ईआयसीची, ज्यात जोरात पळाल्यावर मागचे पाय लुळे पडतात. दोन्ही दोष आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसतात. त्यामुळे मादी नुसती वाहक (दोष एकाच बाजूनं आलेला, म्हणून स्वतःत न दिसणारा) निघाली तर तिला बाद करू नका, तिच्यासाठी क्लिअर, म्हणजे तो दोष अजिबात नसलेला नर शोधा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला चारात एक एवढा धोका असतो. ब्रुसेलाची चाचणी दोघांचीही हवी. त्यानं गर्भ पडतात, नर वांझ होतो, आणि हा जंतू माणसालाही लागतो. नराचा मालक ट्रॉफ्यांचे फोटो पाठवतोय आणि रिपोर्टचं नाव काढत नाहीये, तर दुसरा नर बघा.

याच काळात राज्य पशु कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी करून टाका. बारा महिन्यांत एकच लिटर, आयुष्यात जास्तीत जास्त पाच, आणि मादी आठ वर्षांची झाली की थांबायचं, हे त्याच नियमांत आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद हवे असतील तर आई आणि बाप दोघांचीही तिथे नोंद असावी लागते. ‘केसीआयवालं पिल्लू’ म्हणून भाव वाढवून सांगतात, पण तो कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही.

आणि घरं आधी शोधा. लॅब सात-आठ पिल्लं सहज देते. निम्म्या पिल्लांसाठी तरी विश्वासाची माणसं आधी नक्की झाली नसतील, तर ही हीट (माजाची पाळी) सोडून द्या.

मादी हीटवर येण्याआधी वार्षिक लस, जंताचं औषध आणि गोचीड तापाची रक्ततपासणी उरकून घ्या. गाभण राहिल्यावर गोचीड ताप निघाला तर डॉक्सीसायक्लिनसारखं नेहमीचं औषधही विचार करूनच द्यावं लागतं. ‘अकराव्या दिवशी न्यायची’ हा ठोकताळा बऱ्याचदा फसतो, कारण प्रत्येक मादीचे दिवस वेगळे. रक्तस्राव सुरू झाल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासा. आकडा मिलिलिटरमागे 5 नॅनोग्रॅमच्या आसपास गेला की बीजं सुटतात, पण ती पिकायला आणखी दोन दिवस लागतात. मेटिंग तेव्हा, आणि 48 तासांनी पुन्हा. जोडी दहा मिनिटं ते अर्धा तास अडकून राहते. ओढून सोडवायला गेलात तर दोघांनाही इजा होते. बीजं सुटल्याच्या दिवसापासून 63 दिवस मोजून ती तारीख डॉक्टरांना कळवून ठेवा.

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफी, 55 दिवसांनंतर एक्स-रे. सोनोग्राफीत पिल्लांची मोजणी चुकते. एक्स-रेत कवट्या मोजता येतात, आणि व्यायल्यावर ‘आत अजून आहे का’ हा प्रश्न उरत नाही. खाणं पहिले पाच आठवडे नेहमीइतकंच, मग हळूहळू दीडपट, पण तीन-चार वेळा थोडं थोडं, कारण पोटात जागा उरत नाही. कॅल्शियमचं सिरप मात्र स्वतःच्या मनानं अजिबात नको. वरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून देणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि ऐन दूध पाजताना मादी थरथरून कोसळते.

व्यायची पेटी दहा दिवस आधी मांडा, म्हणजे तिला तिथे झोपायची सवय होते. चार बाय चार फूट, भिंती दीड फूट. आतून चारही बाजूंना जमिनीपासून चार इंच वर आणि भिंतीपासून चार इंच पुढे पीव्हीसी पाइप बसवा. तो नसेल तर आई टेकून बसते आणि भिंतीशी अडकलेलं पिल्लू चिरडतं. नुसतं वर्तमानपत्र घसरतं. वर जुन्या चादरी घाला. उष्णतेचा दिवा एकाच कोपऱ्यावर लावा आणि पहिल्या आठवड्यात तिथे 29 ते 32 अंश सेल्सियस राहील असं बघा. बाकी पेटी गार हवी, नाहीतर धापा टाकत आईच बाहेर जाऊन बसते. विदर्भात एप्रिल-मेमधलं लिटर शक्यतो टाळाच. लाइट गेली तर कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या लागतील.

हाताशी उकळलेला दोरा, कात्री, पोव्हिडोन आयोडीन, टॉवेलांची चळत, ग्रॅममध्ये दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, ओळखीसाठी रंगीत लोकर, पिल्लांची दूध पावडर आणि रात्रीही येणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. गाईचं दूध चालत नाही: कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि फॅट साधारण दुप्पट असतं. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप मोजा. नेहमीचा 101-102 फॅरनहाइटचा आकडा 99 च्या खाली गेला की बहुधा 24 तासांत व्यायची वेळ येते. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तास गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव आला, तर गाडी काढा. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घरी ठोकू नका. पिल्लू आडवं अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटतं. पिल्लांबरोबर पडणाऱ्या वारा (नाळेला जोडलेला गोळा) मोजा, जितकी पिल्लं तितक्या.

मग रोज एकाच वेळी वजन. पहिल्या दिवशी किंचित घट चालते, नंतर रोज 5 ते 10 टक्के वाढ हवी, आणि दहा दिवसांत वजन दुप्पट. 430 ग्रॅमचं पिल्लू दुसऱ्या दिवशी 425 आणि तिसऱ्या दिवशीही 425 दाखवत असेल, तर ते रडत नसलं तरी उपाशी आहे. गार पडलेल्या पिल्लाला आधी हळूहळू ऊब द्या, दूध नंतर. गार अंगात आतडं चालत नाही. जंताचं औषध दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांनी. गोल जंत आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे ‘बाहेर नेलंच नाही’ हे कारण चालत नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. तोवर पाहुण्यांच्या चपला गेटबाहेर, हात धुऊन मगच पिल्लू उचलायचं. पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणारा पार्व्हो विषाणू फिनेलनं मरत नाही. फरशी आधी साबणानं धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या. मिक्सर, प्रेशर कुकर, लहान मुलं, ओलं गवत, या सगळ्यांची ओळख तिसऱ्या आठवड्यापासून हळूहळू सुरू करा.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. हाही नियमच आहे. जाण्याआधी मायक्रोचिप बसवा, ग्राहकासमोर रीडर फिरवा आणि तोच नंबर करारावर लिहा. एका पिल्लाचे कागद दुसऱ्याबरोबर जाण्याचा प्रकार तिथेच थांबतो. लसीचे बॅच स्टिकर लावलेलं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, आईबापांचे रिपोर्ट आणि आठवडाभराचं सध्याचंच खाणं सोबत द्या. घर आणि खाणं एकाच दिवशी बदललं की जुलाब होतात. दिवसभर घरी कोण असतं, घर भाड्याचं आहे का, हे थेट विचारा. ‘पत्ता पाठवतो, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवा’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. करारात एक ओळ ठळक असू द्या: काही कारणानं सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा कुठल्याही वयात आमच्याकडेच परत येईल. ती पाळायची तर एक केनेल कायम रिकामी ठेवावी लागते, आणि तो खर्च पिल्लाच्या किमतीत आधीच धरलेला असावा लागतो.