सावरडो स्टार्टर फेकून देण्याआधी: या चुका टाळा

घरी लावलेले कितीतरी सावरडो स्टार्टर (बाजारच्या यीस्टऐवजी ब्रेड फुगवायला वापरायचं पीठ-पाण्याचं आंबवण) चौथ्या-पाचव्या दिवशी कचऱ्यात जातात, आणि त्यातले बरेचसे चांगले असतात, याचं वाईट वाटतं. कणीक आणि पाणी कालवून ठेवलं की दुसऱ्याच दिवशी मिश्रण फसफसून वर येतं. मग अचानक सगळं थंड पडतं. बुडबुडे नाहीत, वर कुबट वास.

ती पहिली उसळी बहुतांशी यीस्टची नसते, पिठातल्या ल्युकोनोस्टॉकसारख्या जिवाणूंची असते. मिश्रण आंबट होत गेलं की ते मागे पडतात. आम्लात तगणारे जिवाणू आणि रानटी यीस्ट यांचा जम बसायला आणखी काही दिवस लागतात. या शांत दिवसांत घाबरून दिवसातून तीन-तीनदा पीठ घालू नका. त्यानं जमलेलं आम्ल पातळ होतं आणि वाट लांबते. दिवसातून एकदा पुरे. स्टार्टर तयार व्हायला एक ते दोन आठवडे धरूनच चला. सुरुवात मैद्याऐवजी चक्कीवरच्या कणकेनं करा, कोंड्यासोबत सूक्ष्मजीव आणि खनिजं जास्त येतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे थंड हवेतल्या कृती जशाच्या तशा उचलणं. स्टार्टर, पाणी, पीठ समभाग आणि दिवसातून एकदा, हे प्रमाण २१-२४ अंशांच्या स्वयंपाकघरात चालून जातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तोच स्टार्टर तीन-चार तासांत दुप्पट होऊन खाली बसतो आणि उरलेला दिवस उपाशी राहतो. वर करडं पाणी साचतं, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. हे सडणं नव्हे, ही भूक आहे. पाणी ओतून टाका आणि जुना स्टार्टर कमी घ्या: १० ग्रॅमला ५० ग्रॅम पाणी, ५० ग्रॅम पीठ. बरणीला रबरबँड लावलात तर तो किती आणि कधी चढला ते कळेल.

वाटीनं मोजू नका. वाटीभर पाण्याचं वजन वाटीभर पिठाच्या जवळपास दुप्पट असतं. समान वाट्या घेतल्या की मिश्रण सरसरीत होतं, बुडबुडे येऊन फुटतात आणि फुगवटा टिकत नाही. वजनकाटा हवाच.

नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून गार करा. झाकण सैल ठेवा. आठवड्यातून एकदाच ब्रेड करणार असाल तर स्टार्टर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याला एकदा पीठ घाला. पण फ्रीजमधून काढून थेट कणकेत घालू नका, ब्रेड दडस होतो. आधी बाहेर एक-दोनदा पीठ देऊन तो ठरल्या वेळेत दुप्पट होतोय ना ते बघा.

बुरशी किंवा गुलाबी-केशरी छटा दिसली तर मात्र वरचा थर काढून भागवू नका, सगळं फेकून बरणी उकळत्या पाण्यानं धुवा. पहिल्या आठवड्यात ताजं पीठ घालताना काढून ठेवलेला जुना स्टार्टरही खाऊ नका. स्टार्टर नियमित फुगू लागला की मग उरलेल्याची धिरडी घाला. कांदा-मिरची घालून छान जाळीदार होतात.