उरलेल्या गोळ्या-चॉकलेटांचे घरगुती खेळ

सण सरला तरी डब्यात गोळ्या-चॉकलेटं उरतातच. ती मुलांपासून लपवून ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून खेळायला काढा.

सगळ्यात रंगतो तो चव ओळखण्याचा खेळ. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, नाक चिमटीत धरायचं आणि फळाच्या स्वादाची मऊ गोळी चघळायची. गोड-आंबट कळतं, पण संत्रं की स्ट्रॉबेरी हे सांगताना भलेभले अडखळतात. नाक सोडलं की एकदम उलगडा होतो, कारण स्वादाचा मोठा भाग वासातूनच येतो. आजी-आजोबांनाही बसवा, त्यांचे अंदाज ऐकायला फार मजा येते.

रंगीत कवचाच्या गोळ्या पांढऱ्या बशीत कडेने गोल मांडा आणि मधोमध हळूच कोमट पाणी ओता. रंगांचे पट्टे मध्याकडे सरकतात आणि बराच वेळ एकमेकांत मिसळत नाहीत. बशी मात्र हलवू नका.

पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी कागदात गुंडाळलेली चॉकलेटं लावता येतात.

चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात. घरात कुत्रा असेल तर खाली पडलेलं चॉकलेट लगेच उचला. त्याच्यासाठी ते विषारी असतं.